मागे म्हणणारे

सफाळ्याचा दिवस गाडीच्या वेळेवर चालतो. पहाटेच्या अंधारात भाजीच्या पाट्या घेऊन बायका फलाटावर येतात. त्यांच्यामागून मुंबईचे नोकरदार, मग कॉलेजची मुलं आणि समोरच्या फलाटावर बोईसरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेले कामगार. एडवण, मथाणे, दातिवरे, उसरणी, जलसार अशा गावांकडून आलेल्या एस.ट्या आणि रिक्षा स्टेशनाशी रिकाम्या होतात. नऊच्या सुमाराला तांदुळवाडीच्या किल्ल्याखालचा हा पट्टा निम्मा ओस पडलेला असतो. संध्याकाळी माणसं परततात तीही हप्त्याहप्त्याने, ज्याला जशी गाडी मिळेल तशी. सगळं गाव एका वेळी एका जागी आहे असं सणासुदीलासुद्धा क्वचित घडतं. तरीही या गावांत एकत्र बसून गाण्याचं वेड टिकून आहे.

मला याचं नवल वाटत आलं आहे. एकट्याच्या गाण्याला एकटा पुरतो. भजनाला माणसं लागतात, ती वेळेवर लागतात, आणि वेळ हीच गोष्ट आमच्याकडे कुणाच्या हातात नसते. आज याची गाडी लेट, उद्या त्याची रात्रपाळी, परवा तिसऱ्याच्या घरी पाहुणे. पूर्ण मंडळ हजर आहे असा दिवस शोधूनही सापडायचा नाही. मग हे गाणं पिढ्यान्‌पिढ्या चाललं कसं? आयुष्यातल्या कित्येक संध्याकाळी टाळ घेऊन मागच्या रांगेत बसल्यावर त्याचं उत्तर मला हळूहळू उमगत गेलं. ते उत्तर पुढे बसलेल्या बुवांपाशी नाही, मागे म्हणणाऱ्यांपाशी आहे.

भजनाची बैठक ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना तिची मांडणी पाठ असते. मध्ये पेटी घेऊन बुवा, एका बाजूला पखवाज, आणि भोवती अर्धगोल धरून टाळकरी. गाणं सुरू होण्याआधी एक छोटासा विधी असतो, आणि तो मला गाण्याइतकाच प्रिय आहे. यजमानाच्या स्वयंपाकघरातून वाटीभर कणीक येते. पखवाजवाला ती पाण्याचा हात लावून मळतो, पखवाजाच्या डाव्या तोंडावर मधोमध थापतो, अंगठ्याने कड दाबत दाबत गोल करतो आणि थाप मारून बघतो. आवाज हलका आला तर आणखी चिमूटभर कणीक, जड आला तर थोडी काढायची. मग उजवी पुडी. हातोडीने गट्टे ठोकून ती पेटीच्या सुराशी मिळवायची. या सगळ्याला पाच-दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ घरातलं बोलणं आपोआप कमी होत जातं. गाडीतून थेट आलेला माणूस तोवर हातपाय धुऊन, चहाचा कप खाली ठेवून आपल्या जागेवर सरकतो. घाईचा दिवस मागे पडतो. पखवाजाची डावी बाजू घुमली, की बैठक लागली.

रूपाच्या अभंगाने सुरुवात होते. बुवा ओळ सोडतात, मागचे ती उचलतात. बुवा तीच ओळ वेगळ्या वळणाने घेतात, एखाद्या शब्दावर थांबतात, हरकत घेतात, मागचे पुन्हा मूळ ओळीवर येतात. बुवांना लांब जाण्याची मोकळीक आहे, कारण परत यायला ओळ जागेवर असते. ती जागेवर ठेवण्याचं काम मागच्यांचं. लय ठायीतून चढत जाते, टाळ दुप्पट होतात, पखवाजावर लग्गी सुरू होते, आणि एका तिहाईवर सगळं एकदम थांबतं. पुढे गवळणी, आणि रात्र उतरणीला लागली की भैरवी.

नव्याने बसणाऱ्या पोराला आमच्याकडे आधी गायला शिकवत नाहीत. त्याला टाळ देतात आणि म्हणतात, ‘आवाज खाली घे, शेजारच्याचा ऐकू येऊ दे.’ मला वाटतं, समूहगानाचं सगळं शास्त्र एवढ्याच वाक्यात आहे. मोठ्याने गाणं कुणालाही जमतं. शेजाऱ्याचा आवाज कानात ठेवून, त्याच्या वर न जाता आणि त्याच्या खालीही न लपता गायला वेळ लागतो. ज्याचा आवाज जाड आहे त्याने तो आवरायचा, ज्याचा बारीक आहे त्याने धीर धरून सोडायचा. कुणाला पट्टी झेपत नसेल तर त्याने खालच्या सप्तकात मिळून घ्यायचं. हे कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही. मांडीला मांडी लावून बसल्यावर ते अंगात उतरतं.

आणि मग श्वास. ओळ संपते तिथे सगळे एकदम श्वास घेतात. पण गजर रंगला, की ओळ संपतच नाही, ती स्वतःवरच वळून पुन्हा सुरू होते. त्या वेळी दहा माणसं दहा ठिकाणी श्वास घेतात. माझा दम संपला त्या क्षणी शेजारचा गात असतो, त्याचा संपतो तेव्हा मी परत आलेला असतो. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो, आणि तो खरोखरच अखंड असतो, जरी तो गाणारं एकही माणूस अखंड गात नसलं तरी. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. एका लयीत गाताना श्वास एका वळणाला लागतो आणि त्याच्याबरोबर ठोक्यांचा वेगही सगळ्यांचा मिळून वाढतो आणि मिळून उतरतो, असं त्यांना आढळलं. टाळकऱ्यांना हे यंत्राशिवाय माहीत आहे. दिवसभरात एकमेकांशी एक शब्द न बोललेली माणसं गजरानंतर टाळ खाली ठेवतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर एकच थकवा आणि एकच तजेला असतो.

या अखंडपणाचं सगळ्यात मोठं रूप म्हणजे हरिनाम सप्ताह. सात दिवस, सात रात्री. वीणा जमिनीवर टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. मंडपात पहाऱ्याची यादी लावलेली असते, कोणत्या आळीचा पहारा किती ते किती. ती यादी वाचताना मला नेहमी बोईसरच्या कारखान्यांतल्या पाळ्या आठवतात. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ साली वीज मिळू लागली, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली, आणि शेतीच्या हंगामावर चालणारी आमची गावं भोंग्यावर चालायला लागली. गावाने मग आपल्या सप्ताहाची घडी नव्या दिवसाला बसवून घेतली. दुसरी पाळी संपवून येणारा रात्री बाराचा पहारा मागून घेतो. पहाटेच्या गाडीने जाणारा तीनचा घेतो, वीणा पुढच्याच्या गळ्यात घालतो, आंघोळ करून थेट स्टेशनवर जातो. अडीच-तीनच्या पहाऱ्याला मंडपात ऐकायला कुणी नसतं. चार-पाचजण असतात, बाहेर कुत्री झोपलेली असतात, लांबून मालगाडी जाते. तरी नाम चालू असतं. त्या वेळी गाणाऱ्याला शाबासकी मिळण्याचा प्रश्नच नाही. तो गातो, कारण त्याच्या आधीच्याने त्याच्यापर्यंत आणून दिलेलं त्याला पुढच्यापर्यंत पोचवायचं असतं.

गाडीतही हेच घडतं. मुंबईकडचा हा लोहमार्ग १८६४ साली पुरा झाला, आणि चर्चगेटच्या लोकल डहाणूपर्यंत यायला २०१३ चा एप्रिल उजाडला. मधल्या काळात पॅसेंजर आणि शटलच्या डब्यांत या पट्ट्यातल्या कितीतरी माणसांचं आयुष्य गेलं. घरी बसायला वेळ नाही, म्हणून त्यांनी भजन डब्यात नेलं. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला कोपरा. पिशवीतून टाळ निघतात, पखवाज नसला तर डब्याच्या पत्र्यावर ठेका धरला जातो. एकजण पालघरला चढलेला, दुसरा केळवे रोडला, तिसरा सफाळ्याला. प्रत्येकजण चालू ओळीतच मिसळतो. वैतरणेच्या पुलावर गाडीचा आवाज एवढा होतो की शब्द ऐकू येत नाहीत. पूल ओलांडल्यावर कळतं, सगळे एकाच शब्दावर आहेत. दसऱ्याच्या सुमाराला डबा झेंडूने सजतो, पूजा होते, पेढे वाटले जातात. ज्या डब्याने रोज जीव सांभाळून नेलं-आणलं त्याला केलेला तो नमस्कार असतो.

गाडीतल्या भजनाचा काहींना त्रास होतो, हेही खरं आहे. रात्रपाळी करून परतणाऱ्याला डोळा लावायचा असतो, परीक्षेला निघालेल्या मुलीला वही वाचायची असते. त्यांची तक्रार मला रास्त वाटते. जो समूह आपल्या कडेला बसलेल्या माणसाला ऐकत नाही, तो शेजाऱ्याचा आवाज ऐकू येऊ दे ही पहिली शिकवणच विसरला. गाणं चांगलं असेल तर त्याला हळू गाताही येतं.

आमच्याकडचं समूहगान पुरुषांच्या भजनापुरतं कधीच नव्हतं. जात्यावर, हळदीला, लग्नाच्या मांडवात, गौरीच्या रात्री फुगडीच्या फेरात बायकाच गात आल्या. त्या गाण्यांना बुवा नव्हते, पेटी नव्हती. एकीने सुरू करायचं, आठवेना झालं की दुसरीने पुढचं जोडायचं. गेल्या काही वर्षांत महिला मंडळं उभी राहिली, आणि दुपारची कामं आटोपल्यावर देवळाच्या ओट्यावर ज्ञानेश्वरांचा हरिपाठ होऊ लागला. पखवाजावर बाई बसली तेव्हा काही जुन्या माणसांनी भुवया उंचावल्या होत्या. आता त्याच माणसांच्या घरी बारशाला आणि वास्तुशांतीला महिला मंडळाचं भजन ठेवलेलं असतं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. घराच्या आत जो आवाज गात होता तो उघड्यावर आला, त्याला वाद्याची साथ मिळाली, आणि गावाने त्याच्यासाठी सतरंजी अंथरली.

स्टेशनापासून पूर्वेला डोंगराकडे, पाड्यांवर गेलं की समूहगानाची आणखी जुनी चाल भेटते. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते. देवचौकात पालघट देवी रेखलेली असते आणि तिच्यासमोर धवलेरीच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. ती ओळ घेते, सोबतच्या बायका ती झेलतात. लग्न लावण्याचा मान एका गाणाऱ्या बाईकडे आणि तिच्या मागे म्हणणाऱ्या बायकांकडे असावा, यापेक्षा गाण्याची मोठी प्रतिष्ठा मला ठाऊक नाही. भात तयार झाल्यावर तारपा वाजतो. वाळलेल्या दुधी भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य घेऊन वाजवणारा मध्ये उभा राहतो, आणि कमरेला हात घालून बायापुरुषांची साखळी त्याच्याभोवती वळत राहते. जव्हारकडच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी हा तारपा आयुष्यभर वाजवला. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी तोच फेर पांढऱ्या रेषांनी रंगवला आणि जगभर नेला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रात तारपावाला एक असतो आणि नाचणारे मोजता येऊ नयेत इतके. त्या नाचणाऱ्यांत कुणाचाही चेहरा वेगळा काढलेला नाही, तरी प्रत्येकाचं पाऊल पडताना दिसतं.

खाडी ओलांडून वसईत गेलं तर चर्चमधलं गायन मंडळ भेटतं. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासनेत लॅटिनच्या जागी लोकांच्या भाषा आल्या, आणि वसईच्या गावांतली मिस्सा मराठीत गायली जाऊ लागली. मराठी ख्रिस्ती भक्तिगीतांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाचा घाट आधीच दिलेला होता. मी नाताळच्या सुमाराला तिथली तालीम ऐकली आहे. तिथे बायका एका स्वरावर, पुरुष दुसऱ्यावर, आणि दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी उभं राहतं. आमच्या भजनात सगळे एका स्वरावर येण्यासाठी धडपडतात, तिथे प्रत्येकजण आपला वेगळा स्वर न सोडता दुसऱ्याशी जुळून राहण्यासाठी धडपडतो. पण तालीम घेणारा गायकांना जे सांगत होता ते मी ओळखलं. शेजारच्याचं ऐका, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

समूहगान माणसं जोडतं, असं सहज म्हटलं जातं. ते आपोआप जोडत नाही. आमच्या गावांतली मंडळं आळीवार बसत आली, आणि आळ्या जातीवार होत्या. चोखोबांचे अभंग ज्या मंडपात डोळे मिटून गायले जात, त्या मंडपात चोखोबांच्या वस्तीतल्या माणसाच्या हाती टाळ द्यायला महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी शतकं घालवली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण मांडलं. त्याआधी ते महाराष्ट्रभर हिंडले तेव्हा राष्ट्र सेवा दलाचं कलापथक त्यांच्याबरोबर गात होतं. ज्या दारात गाणं थांबवलं जात होतं ते दार उघडायलाही गाणंच बरोबर घ्यावं लागलं. म्हणून भजनाला कोण बसलं आहे, हे मी अजूनही मान वर करून बघतो. सूर शुद्ध लागला आणि रांग अपुरी राहिली, तर ते भजन अर्धंच झालं.

ज्यांनी रांग पुरी केली त्यांनी काय काय साधलं याचं उदाहरण एका छोट्या देशाने दिलं आहे. एस्टोनियात १८६९ साली तार्तू शहरात पहिला गीतमहोत्सव भरला आणि गावोगावची गायकमंडळं एका जागी येऊन गायची रीत पडली. पुढे सोव्हिएत सत्ता आली तरी ती रीत मोडली नाही. १९८८ च्या उन्हाळ्यात ताल्लिनच्या गीतमहोत्सवाच्या मैदानावर लाखो माणसं रात्री गात जमली, आणि १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. सत्तेसमोर उभं राहायला त्यांना एकमेकांची लय आधीपासून ठाऊक होती. ती ठाऊक होण्यासाठी शंभराहून अधिक वर्षं कुणीतरी संध्याकाळच्या तालमीला वेळेवर येत राहिलं होतं.

आज आमच्याकडे भजनाला लागलेलं दुखणं मला दिसतं ते ध्वनिक्षेपकाचं. बुवांसमोर एक माईक, पखवाजासमोर दुसरा, आणि मागच्यांसमोर काहीच नाही. मांडवाबाहेर ऐकणाऱ्याला वाटतं, एकच माणूस गातो आहे. काही ठिकाणी मागच्यांच्या जागी मुद्रित साथ येऊ लागली आहे. यंत्र सुरात असतं, वेळेवर येतं, सुट्टी मागत नाही. पण बुवा एखाद्या रात्री हळवे होऊन एका शब्दावर जास्त थांबले, तर यंत्र त्यांच्यासाठी थांबत नाही. मागचे थांबतात. ते बुवांच्या पाठीकडे बघून ओळखतात की आज यांना इथे थोडं राहायचं आहे. मिरवणुकीतल्या डीजेसमोर उभ्या पोराला मी दोष देत नाही. त्याला लय हवी आहे, अंगाला अंग लागलेली गर्दी हवी आहे, आवाजात बुडून जायचं आहे. हे सगळं टाळकऱ्यांच्या रांगेत मिळतं, आणि शिवाय तिथे त्याचा स्वतःचा आवाजही लागतो. ते त्याला सांगायला आपण कमी पडलो तर तो आपला हलगर्जीपणा ठरेल.

गावात कुणी गेलं, तर पहिला निरोप नातेवाइकांना जातो आणि दुसरा मंडळाला. टाळकरी येतात, अंगणात बसतात, तिरडीपुढे गात चालतात. एकदा आमच्या रांगेतलेच एक काका गेले. अनेक वर्षं ते माझ्या उजव्या हाताला बसायचे आणि त्यांच्या श्वासाच्या जागा मला तोंडपाठ होत्या. दुसऱ्या आठवड्यात आम्ही बसलो तेव्हा त्यांच्या जागा गाण्यात मोकळ्या राहिल्या. मी दम घेतला आणि उजवीकडे सूर नव्हता. नंतर त्यांचा नातू त्या जागी बसू लागला. त्याचा श्वास वेगळ्या ठिकाणी तुटतो, म्हणून मलाही माझे श्वास हलवावे लागले. ओळ सांधली गेली. मंडळ म्हणजे काय, हे मला त्या दिवसांत सगळ्यात नीट कळलं. कायम हजर राहणं कुणालाच शक्य नाही, नोकरीपायी नाही आणि आयुष्यापायीही नाही. म्हणून आपण आहोत तोवर दुसऱ्याचा श्वास सांभाळायचा, आणि आपण नसू तेव्हा ओळ तुटू नये इतक्यांना ती शिकवून ठेवायची.

सफाळ्यात आता नव्या इमारती उठत आहेत. मुंबईत घर परवडत नाही म्हणून दूरदूरची माणसं इथे राहायला येतात. जिन्यात एकमेकांना ओळखत नाहीत, फलाटावर रोज शेजारी उभी असतात. त्यांना माझं मनापासून सांगणं आहे. एखाद्या संध्याकाळी पखवाजाचा घुमारा ऐकू आला तर दार लोटून आत या. गळा नाही, चाल येत नाही, गाव वेगळं आहे, यातलं काहीही आड येत नाही. मागच्या रांगेत सरकून जागा करून देऊ. शेजारच्याचं ऐका, आणि ओळ तुमच्यापर्यंत आली की उचला.